मारेवेचा ढीग

मारेवेच्या अंगणात पानांचा ढीग होता, आणि तो अख्ख्या गावाच्या डोळ्यांत सलत होता.

भर महासागरातल्या मायाना बेटावर सकाळ होते ती खराट्याच्या आवाजाने. बायका अंगणातली पांढरी वाळू लख्ख झाडतात, पानं गोळा करतात आणि काडी लावतात. धूर निघाला की समजायचं, घरातली बाई उठली आहे आणि तिला वळण आहे. मारेवेच्या अंगणातून दहा वर्षांत धूर निघाला नव्हता. उलट ही बाई टोपली घेऊन दारोदार फिरायची आणि काडी लागायच्या आत लोकांची पानं उचलून आणायची. नीरफणसाची, कसलीही. दुकानातले बिस्किटांचे रिकामे खोके फाडून, भिजवून त्यातच टाकायची. ढिगाला वास यायचा, खेकडे यायचे. "नवरा गेला आणि हिचं डोकं फिरलं," असं लोक म्हणायचे, आणि तिला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायचे.

नवरा कायतारा जाताना तिला बाबाईचा खड्डा देऊन गेला होता. बाबाई म्हणजे आपल्या अळूचा थोरला भाऊ. गोडं पाणी लागेपर्यंत खड्डा खणायचा, तळाशी रोप लावायचं, भोवती बिनबुडाची टोपली विणायची आणि तिच्यात वर्षानुवर्षं खाऊ, म्हणजे खत, भरत राहायचं. दहा-दहा वर्षं पोसलेला कंद दोघांनी खांद्यावर आणावा लागतो. कोणाच्या खड्ड्यात कसला खाऊ, हे त्या-त्या घराचं गुपित. विचारणं म्हणजे असभ्यपणा, सांगणं म्हणजे घर फोडणं. कायताराने शेवटच्या आजारात बायकोचा हात घट्ट धरून सांगितलं होतं, "हे बाहेर जाऊ देऊ नकोस."

गेली दोन वर्षं पाऊस रुसला. गावातल्या बाबाईची पानं पिवळी पडून माना टाकू लागली. मारेवेची मात्र हिरवीगार! कायताराच्या चुलतभावाच्या, तेबाऊच्या, पोटात मग दुखायला लागलं. विचारायची तर सोय नाही, म्हणून पठ्ठ्या पाळत ठेवायला लागला. मारेवे रोज एका झाडाखाली थांबते, हे त्याने हेरलं. झालं! त्याने ते झाड पार बोडकं केलं आणि सगळी पानं आपल्या खड्ड्यात कोंबली. मारेवे तिथे थांबायची ती गुडघा दुखायचा म्हणून. तेबाऊची बाबाई होती तशीच पिवळी राहिली. झाडाची तेवढी वाट लागली.

मग चिडून त्याने पंचांकडे तक्रार केली. गावातल्या म्हाताऱ्यांची स्वच्छतेची फेरी निघाली आणि म्हातारे बाउरो ढिगापाशी नाक धरून उभे राहिले. "पोरी, शनिवारपर्यंत हे जाळ. नाही जाळलंस तर मानेबात तुझ्या घराची जागा वर्षभर रिकामी राहील."

मानेबा म्हणजे गावाचं बैठकीचं छप्पर. त्याखाली प्रत्येक घराची जागा पूर्वजांपासून ठरलेली. जागा गेली म्हणजे जिवंतपणी नाव पुसलं. ढीग जाळावा तर खड्डा उपाशी मरणार. ढीग कशासाठी ते सांगावं तर नवऱ्याला दिलेला शब्द जाणार. मारेवे दोन दिवस धड जेवली नाही.

शनिवारी मानेबा भरला. मारेवे आली ती पुढे टोपली घेऊन, आणि मागे दोन माणसांच्या खांद्यावरच्या काठीला बांधलेली बाबाई घेऊन. कंद खाली ठेवला तेव्हा बसलेल्यांच्या तोंडून आपोआप "अबब!" निघालं. एवढी बाबाई म्हाताऱ्या बाउरोंनीही तरुणपणानंतर पाहिली नव्हती.

"ढीग जाळलास का?" त्यांनी विचारलं.

"नाही जाळला. आणि जाळणारही नाही." मारेवेची मान ताठ होती. "नवऱ्याचा शब्द मोडते आहे, त्याची मी मागेन माफी. पण त्याची माती जाळणार नाही." तिने टोपली पालथी केली. काळीभोर, ओलसर माती चटईवर पसरली. या पांढऱ्या बेटावर असली माती कोणाच्या दारात नव्हती. "भावोजी, इतके दिवस माझ्या मागे फिरलात ना? बघा हे गुपित. कुठलं खास पान नाही. ही तुमचीच पानं आहेत. तुम्ही रोज सकाळी जाळता ती."

मानेबात हसू फुटलं. तेबाऊ म्हणाला, "वहिनी, थट्टा करू नका."

"थट्टा कसली! शाळेच्या मास्तरीणबाईंना विचारा. झाड हवेतला कार्बन ओढून पान करतं. पान जाळलं की तो घटकेत परत हवेत. कुजवलं तरी बराचसा उडतो, पण उरलेला मातीत मुरतो, पाणी धरतो, कंद पोसतो. आपल्या चार ढिगांच्या धुराने जग तापत नाही की समुद्र चढत नाही, हे मलाही कळतं. पण ज्या बेटावर मातीच नाही, तिथे रोज सकाळी माती पेटवून द्यायची आणि वर त्याला वळण म्हणायचं? मला नाही पटत!"

बाउरो वाकले, चिमूटभर माती घेऊन हुंगली. बराच वेळ हुंगत राहिले. मग म्हणाले, "नाक धरलं होतं मी. चुकलं माझं. बस, पोरी, तुझ्या जागेवर बस."

मारेवे नवऱ्याच्या जागेवर बसली आणि पदर नसलेल्या त्या बाईने हाताच्या पालथ्या पंजाने डोळे पुसले. अभिमान वाटत होता, आणि तो लपवायची तिला मुळीच इच्छा नव्हती.

सोमवारी सकाळी ती नेहमीसारखी टोपली घेऊन निघाली. पहिलं अंगण झाडलेलं, पान नाही. दुसरं तसंच. दुकानदाराकडे खोका मागितला तर म्हणाला, "सगळे गेले की हो पहाटेच!" गावभर हिंडून टोपली रिकामीच.

"घ्या! माझ्याच खड्ड्याच्या तोंडचा घास काढला मी," ती मोठ्याने म्हणाली. मग वर बघितलं. नीरफणसाच्या शेंड्यांवर कुठेच धूर नव्हता.

परत आली तेव्हा तेबाऊ तिच्या अंगणात उभा होता. त्याने आपली भरलेली टोपली तिच्या ढिगावर उपडी केली.

"कायतारादादाचा वाटा," तो म्हणाला. "रोज आणीन."