वकीलसाहेबांनी न प्यालेलं पाणी

तानुबाईला पक्षात कधी पद मिळालं नाही. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रावर ती राख उपसायची, आणि निवडणूक आली की आमच्या वस्तीतल्या चारशे बायका ती सांगेल तिथं शिक्का मारायच्या. अक्षर वाचता येत नव्हतं, पण मतदारयादी तोंडपाठ. कोण बाळंतीण, कोण माहेरी, सगळं तिच्या डोक्यात.

अठ्ठ्याहत्तरला आमचा उमेदवार होता कोंडाजी. तालुक्याचा अध्यक्षही तोच. हमाल माणूस, भाषण दोन मिनिटांत आटपायचं. पण प्रचाराला आला की दर उंबऱ्याशी बसून पाणी मागायचा. तानुबाई म्हणायची, "अध्यक्ष, पोटात विहीर हाय का काय?"

"हाय ना! गावानं कधी भरू दिली नाय, आता तुमच्याकडनं भरून घेतो."

कोंडाजी नऊशे मतांनी पडला. बैठकीत मीच उठलो. "अंगठेबहाद्दराच्या मागं किती दिवस फिरायचं? शिकलेला अध्यक्ष द्या!" मी स्वतः चौथी नापास, वाचायला शिकलो ते पक्षाच्या भिंती रंगवता रंगवता. त्यामुळंच असेल, शिकलेल्या माणसाचं मला भारी वेड. टाळ्या पडल्या. कोंडाजीनं उठून खुर्ची मोकळी केली. नाशकातले एक वकील अध्यक्ष झाले आणि ऐंशीला तेच उमेदवार. आपल्याच समाजाचे, बोलायला फर्डे.

तानुबाईनं मला गाठलं. "झुंबर, माणूस बरा असंल. पर बायका मला विचारतील, आक्का, ह्यो कोण? काय सांगू?"

"पक्षानं ठरवलंय, एवढं सांग."

"मग माझा शब्द टाकते. तेवढा राख."

मे महिना. अर्ध्या कोसावरून पाणी आणायचे दिवस. वकीलसाहेब आले, मागं एकाच्या हातात थर्मास. तानुबाईच्या अंगणात सगळ्या बायका जमलेल्या. राखेनं लखलखीत घासलेला तांब्या तिनं पुढं केला.

साहेबांनी हात जोडले. "नको बाई, बाहेरचं पाणी मला बाधतं. घसा बसला तर सभा कशी घेऊ?"

"उकळून गार केलंय, साहेब. एकच घोट."

"नंतर बघू," म्हणत त्यांनी थर्मास उघडला.

मागून गोजराबाई बोलली, "आपल्यातलाच ना गं ह्यो?" कुणी हसलं नाही. तांब्या तसाच तानुबाईच्या हातात. मला एक शब्द बोलता आला असता. मी बोललो, "चला साहेब, उशीर होतोय."

मतदानाला मी केंद्रावर पक्षाचा माणूस म्हणून बसलो होतो. तानुबाई सर्वात आधी आली, एकटी. दुपारपर्यंत तिनं घर न घर पालथं घातलं. बायका घरातच होत्या. कुणी म्हणे डोकं दुखतंय, कुणी म्हणे पोर रडतंय. संध्याकाळी यादीवर खुणा मोजल्या, चारशेतल्या सदतीस. दुसऱ्या पक्षाकडं त्या वळल्या नाहीत, उंबराच ओलांडला नाही. तांब्याची गोष्ट तालुक्यातल्या बाकीच्या वस्त्यांतही पोचली होती, तिथंही हीच गत. अनामत जप्त झाली.

मग आमची बैठक. एक म्हणतो लाट होती, दुसरा म्हणतो चिन्ह वाईट. अध्यक्ष चुकीचा निवडला, हे म्हणायला एकाचीही जीभ रेटेना. माझीसुद्धा नाही, निवड माझीच होती ना! शेवटी कुणीतरी म्हणालं, "तानुबाई फुटली." सगळ्यांना बरं वाटलं. पक्षाचा आणि तिचा संबंध उरला नाही, असा कागद विहाराच्या फळ्यावर लागला. अक्षर माझं. माझं अक्षर चांगलं म्हणतात.

पंच्याऐंशीची निवडणूक आली तोवर कोंडाजी वारला होता आणि वकीलसाहेब दुसऱ्या पक्षात गेले होते. उन्हातनं चालत मी तानुबाईकडं गेलो. "आक्का, चूक झाली. पुन्हा बाहेर पड."

तिनं ऐकून घेतलं. "गोजरा गेली पौषात. यादीतनं नाव काढलं का?"

"काढतो. पण तू येशील ना?"

"बायकांपाशी माझा शब्द होता रे झुंबर. तो तुम्हीच फळ्यावर टांगला. आता कशाच्या जिवावर येऊ?"

मला बसायला तिनं घोंगडी टाकली होती. पाणी विचारलं नाही. घसा कोरडा पडला होता, रांजण हाताच्या अंतरावर होता. मागायची माझी छाती झाली नाही.