गुडघ्यातली बिजागरी

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात मी एकदा शिंगवाला घोडासुद्धा पाहिलाय, पटलं तर घ्या. पण तिथेच भेटलेल्या एका माणसाचा गुडघा त्याहून अजब होता. नाव त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. चहाच्या पालात शेजारी बसला आणि धोतर वर सारून म्हणाला, "हात ठेव भाऊ."

ठेवला. त्याने पाय दुमडला, तशी गुडघ्याची वाटी कातडीखालून बेडकासारखी बाहेरच्या अंगाला सरकली. टक्!

"मुंबईले लोखंडनी बिजागरी बसाडी. ती जराशी वाकडी बसनी. पाय सरळ जास, पन वाटी बाहेर पळस."

डॉक्टरने बजावलं होतं, घोड्यावर बसू नको. वाटी पुरती निसटली तर पाय दुमडलेलाच राहील. आणि याचा तर जन्म घोड्याच्या पाठीवर गेलेला!

तरी तो एका पांढऱ्या घोडीवर चढलाच. टक् झालं आणि अख्ख्या बाजारातल्या घोड्यांनी चारा चघळणं थांबवून माना त्याच्याकडे वळवल्या. घोडी लगामाला जुमानेना. तो वाकडा गुडघा दाबेल तिकडेच, तापीकडे निघाली. मी धावत त्याला काठावर गाठलं, तर पाय दुमडलेला अडकून बसला होता.

"उतरवू का, दादा?"

"ऱ्हाऊ दे. खाले मी लंगडा शे."

घोडी नदीवरच्या धुक्यात शिरली. तापी तिथे हत्ती बुडेल इतकी खोल आहे. शपथेवर सांगतो, घोडीच्या पोटाला पाणी लागलं नाही.