रक्तातलं की टाकीतलं

दादाला लोक चांगला माणूस म्हणत आणि ते खरंही होतं. फक्त तो काही विसरत नसे. कोपऱ्यावर त्याचं दोन खुर्च्यांचं केशकर्तनाचं दुकान. एकदा एका कारकुनाने चारचौघांत ‘टॉवेलला वास येतोय’ म्हणून नाक मुरडलं. दादा हसला, टॉवेल बदलला, आणि पुढची अकरा वर्षं त्या कारकुनाचा डावा कल्ला उजव्यापेक्षा सूतभर वर ठेवत राहिला. कारकुनाला बिचाऱ्याला वाटे, आपलं तोंडच वाकडं आहे. क्षमा थोरांना शोभते म्हणतात. दादाला थोर व्हायची घाई नव्हती, आणि खरं सांगायचं तर मलाही तो तसाच आवडतो.

त्याचा धाकटा भाऊ कुलपांच्या कारखान्यात होता. कुलपाचे पितळी भाग कापून झाले की तेलाने माखलेले असत. ते जाळीच्या टोपलीत भरायचे आणि गरम द्रवाच्या टाकीत बुडवून काढायचे, की लखलखीत. त्या द्रवाला गोडसर वास यायचा म्हणून कामगार त्याला ‘गोड पाणी’ म्हणत. धाकटा चोवीस वर्षं त्या टाकीवर वाकून उभा राहिला. जेवणाच्या सुट्टीत हाताचं काळं तेल निघेना की हातही त्यातच धुवायचा, सगळेच धुवायचे. भिंतीत वाफ ओढून घेणारा पंखा होता, पण मालकाने तो बंद करून ठेवला होता, कारण पंखा चालू असला की गोड पाणी लवकर उडून जाई. मग न उडालेली वाफ जाते कुठे, हे कुणी विचारलं नाही. ती तिथेच उभ्या असलेल्यांच्या नाकात जात होती.

एकोणपन्नासाव्या वर्षी धाकट्याला वास येईनासा झाला. भाजी करपली तरी पत्ता नाही. मग उजवा अंगठा आणि तर्जनी आपसूक एकमेकांवर घासू लागली. चालताना तो हात हलेनासा झाला, सही मुंगीएवढी झाली. विनोद कळायचा, पण चेहऱ्यावर काही उमटायचं नाही. डॉक्टरीणबाईंनी आजाराचं नाव सांगितलं, पार्किन्सन. त्या दिवसापासून शर्टाची बटणं भावजय लावू लागली, आणि दाढी दादा करू लागला.

धाकटा मालकाकडे गेला. त्याचं मागणं एवढंच होतं, की टाकीवर अजून चौघं आहेत, पंखा तरी सुरू करा.

मालक म्हणाला, “तुझा बाप नव्हता का थरथरत? सत्तरीनंतर वस्तरा धरवत नव्हता त्याला. रक्तातच आहे तुमच्या. उगाच माझ्या टाकीला नावं ठेवू नकोस. जा, रक्त तपासून घे.”

धाकट्याने तपासून घेतलं, आणि जनुकात दोष निघाला. मालकाने कारखानाभर डंका पिटला. धाकटा कागद घेऊन घरी आला. एकदा बायकोला हळूच म्हणाला, “म्हणजे हे मीच दिलं असणार पोरीला.” लेक तेव्हा शेजारच्या खोलीत अभ्यास करत होती. तेव्हापासून तो तिच्याकडे धड बघेना. चोरी दुसऱ्याची आणि मान खाली याची. दादाने हे सगळं पाहिलं. भावाचा हात परत येणार नव्हता, हे त्याला कळत होतं. पण खरं काय ते मालकाच्याच तोंडून भावाला ऐकवायचं, एवढं त्याने मनाशी पक्कं केलं.

कुणाला न सांगता त्याने स्वतःचं रक्त तपासायला दिलं. डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिला आणि चष्मा काढून ठेवला.

“तुमच्यातही तोच दोष आहे.”

“मी एकसष्टचा आहे. त्याच्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा. मग मी बरा कसा?”

“हा दोष असलेल्या सगळ्यांनाच आजार होत नाही. काहींना होतो, काहींना जन्मभर नाही. आणि अशा द्रवाच्या वाफेत वर्षं काढली की धोका वाढतो, हेही दिसून आलंय. रक्तात आधीच दोष आणि वर ती वाफ, असं दोन्ही बाजूंनी आलं असणार त्याच्यावर.”

“म्हणजे टाकीनेच केलं.”

“टाकीचा वाटा किती आणि रक्ताचा किती, हे एका माणसाच्या बाबतीत मला मोजून सांगता येत नाही. दोन भावांवरून तर मुळीच नाही. पण नुसतं रक्तच, असं कुणी ठासून सांगत असेल, तर त्यालाही ते सांगता येत नाही.”

शेवटचं वाक्य तेवढं दादाने मनाशी धरलं. दुकानात येऊन त्याने आरशासमोर हात धरला. हात हलत नव्हता. उद्याचं कुणी सांगावं, म्हणून त्याने वेळ घालवला नाही.

मालक दर शनिवारी सकाळी दाढीला यायचा. एवढं सगळं होऊनही यायचाच, जखमेवर मीठ चोळायला. त्या शनिवारी बाकावर एक शिक्षक बसले होते आणि त्यांच्या शेजारी टाकीवरचे दोघं.

“काय म्हणतोय तुझा भाऊ?” मालक खुर्चीत रेलला. “रक्ताला कोण काय करणार, नाही का!”

दादाने फेस लावला. पट्ट्यावर वस्तरा सावकाश परजला. उजवा गाल उरकला, मालकाची मान मागे टेकवली आणि पातं गळ्याच्या घाटीखाली ठेवलं.

“मालक, मीही रक्त तपासलं. धाकट्याचाच दोष माझ्यातही निघाला.”

मालकाला आवंढा गिळायचा होता, तो त्याने गिळला नाही.

“तुम्ही म्हणता, हात रक्तानेच थरथरतो. मग माझा कधीही थरथरेल. आत्तासुद्धा.”

“व... वस्तरा बाजूला घे.”

“घेतो की. तुम्ही फक्त सांगा, माझ्या हाताचा भरवसा आहे का नाही?”

बाकावर शिक्षकांनी वर्तमानपत्र मिटलं. मालकाचे डोळे आरशात वस्तरा शोधत होते.

“आहे. चांगला आहे तुझा हात. स्थिर आहे.”

“मग धाकट्याचा का नाही? बाप एक, आई एक, दोष एक. त्याच्या नशिबी होतं आणि माझ्या नशिबी नव्हतं असं काय?”

पातं तसंच.

“टाकी,” मालक म्हणाला.

“आणि पंखा?”

“मी... बंद ठेवला होता.”

शास्त्र म्हणून हा पुरावा कच्चा होता, दादाला ते पक्कं ठाऊक होतं. पण मालकाने तरी कुठे शास्त्राची चाड ठेवली होती? जशास तसं. दादाने पातं उचललं. गळ्यावर ओरखडासुद्धा नव्हता.

“उठा. हेच धाकट्याला येऊन सांगायचं.”

“अरे, निम्मी दाढी...”

“असेच चला.”

मालकाने मदतीसाठी आपल्या माणसांकडे पाहिलं. ते दोघं उठून दारात उभे राहिले होते. त्यांतला वयस्क म्हणाला, “पंखा सुरू झाल्याशिवाय टाकीवर कुणी जाणार नाही, मालक. आणि आधी तिकडे जाऊन या.”

एका गालावर फेस घेऊन मालक भर रस्त्यातून चालला. भाजीवाल्यांनी तराजू खाली ठेवले. दादा मागून वस्तरा मिटून खिशात घालून येत होता आणि इतक्या वर्षांत प्रथमच शीळ घालत होता.

धाकटा खिडकीपाशी बसला होता. लेक त्याला चहा पाजत होती. मालक उंबऱ्यातच थांबला आणि पुटपुटला, “टाकीची वाफ होती ती. पंखा मी बंद ठेवला होता. नुसतं रक्ताचं नव्हतं.”

धाकट्याचा चेहरा हलला नाही. आवाज तर आता फुंकरीएवढा उरला होता. “ऐकू आलं नाही, मालक.”

मालकाने पुन्हा सांगितलं.

“अजून मोठ्याने.”

तिसऱ्यांदा सांगताना मालकाचा आवाज चिरकला. समोरच्या खिडक्या उघडल्या. गालावरचा फेस वाळून पांढरा पडला होता. धाकट्याचे कान शाबूत होते, हे दादाला आणि भावजयीला चांगलं माहीत होतं. दोघांपैकी कुणी चकार शब्द काढला नाही, की मालकाला खुर्ची दिली नाही.

धाकट्याने थरथरता हात उचलला आणि मुलीच्या खांद्यावर ठेवला.

“आता पुन्हा,” तो म्हणाला. “माझ्या लेकीकडे बघून.”