नोंदवहीत नसलेला ॲडॅप्टर

तारीख १० फेब्रुवारी २००६, शुक्रवार. रक्कम सहा हजार एकशे पन्नास रुपये. आमच्या अमरावतीच्या सरकारी कार्यालयातले नऊ जुने संगणक, दोन प्रिंटर आणि अकरा मोडक्या खुर्च्या, असा सगळा निकामी माल त्या दिवशी एवढ्या रकमेला लिलावात गेला. घेणारा अकोल्याचा एक भंगार व्यापारी. हजर होते आमचे साहेब, मुख्य लिपिक, तीन भंगारवाले, मी आणि माझा साळा. साळ्याला मी येऊ नकोस म्हणून बजावलं होतं.

सहा नंबरच्या संगणकात माझी एक वस्तू होती. ती कशी गेली आणि कशी परत आली, ते जसं घडलं तसं लिहितो. आमच्याकडे अजून कुणी विषय काढला की सगळे हसतात. हसोत.

मी जुने प्रोसेसर जमवतो, आणि त्यातही अपग्रेड ॲडॅप्टर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. प्रोसेसर म्हणजे संगणकाचा हिशेब करणारा तुकडा. जुन्या यंत्राच्या खाचेत नवा प्रोसेसर बसत नाही. पाय वेगळे, विजेचा दाब वेगळा. म्हणून काही कारखान्यांनी बिस्किटाएवढी एक पट्टी काढली. खाली जुन्या मापाचे पाय, वर नवा प्रोसेसर, बाजूला दाब उतरवणारा भाग आणि डोक्यावर छोटा पंखा. जुना प्रोसेसर उचलायचा, ही पट्टी बसवायची, आणि तेच यंत्र चौपट वेगाने चालायचं. नुसते प्रोसेसर बरेच जण जमवतात. मला या पट्ट्या जास्त आवडतात, कारण यंत्र इतक्यात फेकायचं नाही असं ठरवून कुणीतरी त्या डोकं लावून बनवल्या आहेत.

२००३ साली माझ्याकडे एकेचाळीस प्रोसेसर आणि सहा ॲडॅप्टर होते. प्रत्येकाला चिठ्ठी: कधी घेतला, कुठून, कितीला. सहापैकी एक न वापरलेला, खोक्यासकट. अकोल्यात जठारपेठेत एक दुरुस्तीवाला दुकान बंद करत होता. गिऱ्हाइकासाठी मागवलेला माल गिऱ्हाइकाने नेलाच नव्हता. साडेआठशेला घेतला.

ते दिवस कसे होते ते वऱ्हाडात राहणाऱ्याला सांगायला नको. सकाळी वर्तमानपत्र उघडायला हात धजत नसे; रोज शेतकऱ्यांच्या आत्महत्या. साळा मला म्हणायचा, "भाऊजी, गावागावात काय चालून राहिलं, अन् तुमी ह्या किड्याच्या पायाच्या चिपा कावून जमवून राहिले?" बायको म्हणायची, "आनखी एक मढं आनलं का घरात?" दोघांनाही उत्तर त्याच उन्हाळ्यात मिळालं.

मोर्शीकडच्या संत्र्याच्या बागा पाण्यावाचून वाळल्या होत्या. पंचनामे आमच्याकडे आले. नुकसानभरपाईसाठी गावनिहाय याद्या करून महिनाअखेर वर पाठवायच्या होत्या. त्या तारखेनंतर आलेली यादी पुढच्या खेपेला जाणार. याद्या मराठीत, आणि मराठी छापणारं कार्ड फक्त सहा नंबरच्या जुन्या संगणकात बसायचं. नव्या संगणकांना तशी खाचच नव्हती. त्या जुन्या यंत्रावर एका गावाची यादी लावायला घड्याळ लावून पंचेचाळीस मिनिटं लागत. गावं शंभराच्या वर, दिवस नऊ. हिशेब कुणीही करावा.

मी जलद प्रोसेसरसाठी लेखी मागणी केली. उत्तर आलं, चालू वर्षी तरतूद नाही. तेव्हाच्या साहेबांना मी तोंडी सांगितलं, "माझ्याकडे घरी आहे, बसवू का?" ते म्हणाले, "बसवा, बसवा." मी घरून खोकं आणलं, जुना प्रोसेसर काढला, ॲडॅप्टर बसवला. पंचेचाळीस मिनिटांची बारा झाली. अठ्ठाविसाव्या तारखेला शेवटची यादी गेली.

इथे माझी चूक झाली, ती कबूल करतो. दोन रुपयांच्या टाचण्यांची नोंद ठेवणारा मी, पण या बदलाची नोंद कुठेच केली नाही. कार्यालयातल्या प्रत्येक वस्तूची जडसंग्रह नोंदवही असते. तिच्यात सहा नंबरचा संगणक होता, माझा ॲडॅप्टर नव्हता. जुना प्रोसेसर मात्र मी कागदात गुंडाळून, चिठ्ठी लावून घरच्या कपाटात ठेवला, ॲडॅप्टरच्या रिकाम्या खोक्याशेजारी. हेतू एवढाच की यंत्र निघेल त्या दिवशी अदलाबदल करू.

तो दिवस २००६ च्या जानेवारीत आला. मराठीची नवी सोय झाली आणि जुनी यंत्रं लिलावात काढायचं ठरलं. तोवर साहेब बदलले होते. नवे साहेब पुण्याकडचे, माणूस वाईट नाही. मी जुना प्रोसेसर त्यांच्या टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं.

"अहो, मग घ्या ना काढून," ते म्हणाले. "कुणाला कळणार आहे?"

"कळणार नाही, म्हणूनच विचारतोय साहेब. परवानगी लेखी द्या."

"एवढ्याशा वस्तूला लेखी?"

"नोंदवहीत नाही, आणि मी गुपचूप काढली, तर ती चोरीच दिसते. आज तुम्हाला माहीत आहे. उद्या तुमची बदली होईल."

ते हसले आणि म्हणाले, करा अर्ज. मी अर्ज केला. अर्ज वर गेला आणि वरून परत आला तो ज्ञापन होऊन: शासकीय यंत्रात विनापरवानगी बदल केल्याबद्दल तीन दिवसांत खुलासा करावा. मुख्य लिपिकाने माझ्या भल्यासाठी खुलाशाचा मसुदा करून दिला. त्यात होतं, 'सदर बदल अनवधानाने झाला.' मी तो शब्द खोडला आणि लिहिलं, 'सदर बदल मी समजून उमजून केला. त्यामुळे याद्या मुदतीत गेल्या. नोंद न करणे ही माझी चूक आहे, बदल करणे ही नाही.'

"बदला हे," साहेब म्हणाले. "अनवधान लिहिलंत तर इथेच फाईल बंद होते."

"अनवधानाने प्रोसेसर बसत नाही साहेब. एकशे अडुसष्ट पाय असतात. एक वाकला तरी काम बिघडतं."

सेवापुस्तकात ताकीद लागली. बावीस वर्षांत पहिली. सोबत आदेश आला: यंत्र आहे त्या स्थितीत विकलं जाईल, आणि मूळ प्रोसेसर शासनाचा असल्याने मी तो यंत्रासोबत जमा करावा. म्हणजे माझा ॲडॅप्टरही त्यांचा आणि कपाटातला प्रोसेसरही त्यांचा. प्रोसेसर त्यांचा होता हे खरंच. मी तो पाकिटात घालून यंत्राच्या कॅबिनेटच्या आतून चिकटवला, पोच घेतली आणि घरी आलो.

बायको म्हणाली, "अवो, देल्लं थे देल्लं. आता कावून जीव जाळून राहिले? त्या चिपेपायी तुमच्या पुस्तकात डाग लागला."

"डाग त्यांनी लावला. मी लावून घेतला नाही."

"मंग मुकाट्यानं काढून आनली असती त थो तरी लागला असता काय?"

मी पोच कपाटात, ॲडॅप्टरच्या रिकाम्या खोक्यात ठेवली.

आता लिलाव. कर्मचाऱ्याला किंवा त्याच्या नातेवाइकाला बोली लावता येत नाही. साळा आदल्या आठवड्यात येऊन बोलला होता, "भाऊजी, तुमी फक्त हो म्हना. बोली मी लावतो. तुमचं नाव कुठीच येत नाई." मी नाही म्हणालो. तरी शुक्रवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून मागे उभा. बोली साडेपाच हजारांवर गेली तेव्हा त्याने हात वर करायला घेतला. मी त्याला दंडाला धरून बाहेर नेलं आणि फाटकाजवळच्या टपरीवर कटिंग पाजला.

"माया पैशानं घेऊन राहिलो न मी!" तो म्हणाला.

"पैसे तुझे, साळा माझा. चहा पी."

आम्ही परत आलो तेव्हा माल गेला होता. घेणारे भंगारवाले चाचा, पांढरी दाढी, गळ्यात चष्मा, यंत्रांवर खडूने खुणा करत होते. मी पत्ता विचारला आणि माल उचलेपर्यंत त्यांच्याशी दुसरा शब्द बोललो नाही. पैसे भरून माल फाटकाबाहेर गेला की तो त्यांचा, आणि त्यांच्याकडून घ्यायला मला कुणाची बंदी नव्हती. माल सोमवारी उचलला गेला. मंगळवारी किरकोळ रजा टाकून मी पहिल्या बसने अकोल्याला निघालो.

मूर्तिजापूरपर्यंत बसायला मिळालं नाही. उभ्या उभ्या मी आकडे जुळवत होतो, कितीपर्यंत द्यायचे. पाचशेपर्यंत देईन असं ठरलं. न वापरलेला असताना साडेआठशे पडले होते. आता वापरलेला, खोकं घरी.

चाचांच्या वखारीत नऊच्या नऊ यंत्रं उघडून पडली होती. कॅबिनेट एकीकडे, तारा एकीकडे. त्यांनी मला ओळखलं. "या बाबूजी. तुमच्याच हापिसाचा माल हाये. चाय घेता?"

"चाचा, सहा नंबरच्या यंत्रात डोक्यावर पंखा असलेली एक हिरवी पट्टी होती. आणि एक पाकीट."

"प्रोसेसर समदे त्याले देले," त्यांनी अंगणाकडे हात केला. "सकाळीच रोकडा देला त्यानं."

अंगणात पोत्यावर एक झारेकरी बसला होता. सराफ्यातल्या दुकानांचा केर विकत घेऊन, तो धुऊन, त्यातून सोन्याचे कण काढणारे ते झारेकरी. सोनाराच्या केराबरोबर आता ते जुने प्रोसेसरही घेतात, कारण त्यांच्या पायांवर सोन्याचा मुलामा असतो. त्याच्यासमोर टोपलं, हातात पक्कड. माझा ॲडॅप्टर त्याच्या गुडघ्यावर होता. पंखा काढून झाला होता आणि पकडीचं तोंड वरच्या प्रोसेसरखाली घुसवलेलं होतं.

"थांबा," मी म्हणालो. माझा आवाज इतका मोठा निघाला की चाचा चष्मा लावून उठले.

"काहून, काय झालं?" झारेकरी म्हणाला.

मी सांगितलं. चाचा ऐकत होते. ते हसले नाहीत, पण बोटांवर मोजू लागले. "मंजे चीज तुमची, बसवली तुमी, मागितली तुमी, डाग तुमाले, अन् आता खरेदीबी तुमीच करून राहिले? अजब आदमी हाये बापा!" मग झारेकऱ्याला म्हणाले, "देऊन टाक रे. तुले मी पैसे वापस देतो. बाबूजी, भेट समजा."

"भेट नको चाचा. लिलावात माझा साळा सगळ्यांनी पाहिला. फुकट नेलं तर म्हणतील, आधीच संगनमत होतं."

"कोन म्हनन?"

"कुणी म्हणो न म्हणो. मला पावती पाहिजे."

झारेकऱ्याने माझी गरज ओळखली. त्याने पाकिटातला जुना प्रोसेसर बोटांत फिरवला. "ह्या पिवळ्याचे सत्तर. ह्यात माल हाये." मग हिरवी पट्टी. "याच्यात काईच नाई. वरचा तुकडा काढून पंचवीसचा, खालचं फेकूनच द्याचं." ती मुठीत धरून म्हणाला, "पन तुमाले पायजे न? त दोनशे."

"पंचवीसचे दोनशे? पावतीवर कारण काय लिहू?"

"गरज लिहा."

चाचा खो खो हसले. मीही हसलो, पण मागे हटलो नाही. पाचशेची तयारी करून आलेला माणूस दोनशेवर घासाघीस करतो, हे बायकोला सांगितलं तर ती मला घरात घेणार नाही. पण भाव म्हणजे भाव. सव्वाशे, शंभर करत शेवटी ऐंशीवर आलो. पंखा त्याने वरून दिला. पिवळ्याचे सत्तर मी न घासता मोजले.

मी खाली पाहून पाय मोजले. सगळे सरळ होते. पकडीचा एक ओरखडा कडेला होता, तो आजही आहे. घरी आल्यावर माझ्या जुन्या यंत्रात बसवला, पंखा फिरला, यंत्र सुरू झालं. पावतीची झेरॉक्स मी दुसऱ्या दिवशी कार्यालयात आवक करून घेतली. साहेबांनी विचारलं, हे कशाला? मी म्हणालो, सेवापुस्तकात ताकिदीच्या पानाला जोडा. जोडली की नाही, माहीत नाही. आवक क्रमांक माझ्याकडे आहे.

झारेकऱ्याकडे पावतीपुस्तक नव्हतं, म्हणून पावती वखारीतच चाचांच्या कागदावर मी लिहिली होती. एक जुना प्रोसेसर, सत्तर. एक ॲडॅप्टर पंख्यासह, ऐंशी. ॲडॅप्टरच्या कारणापुढे लिहिलं, माझाच होता. झारेकऱ्याने सही केली, साक्षीला चाचांनी केली. एकूण दीडशे रुपये, झारेकऱ्याला, रोख.