अर्ध्यात काढलेला स्क्रू

“थांबा!” डॉक्टरबाई हाताखालच्या पोरीवर वरडली, अन् तिचे दोन्ही हात माझ्या तोंडात होते. नवा दात ज्याच्यावर बसवतेत तो स्क्रू खालच्या जबड्यात अर्धा घुसलेला, अर्धा बाहेर. जबडा बधिर, पण कान थोडेच बधिर असतात? बाहेर माझी परी रडून राह्यली होती. मला वाटलं, हाड फुटलं. मेले मी आता, लेकरू पडलं सासूच्या गळ्यात.

बाईनं स्क्रू उलटा फिरवला, हळूहळू बाहेर काढला, दिव्याखाली धरला. डोळ्याला भिंग होतंच. म्हणली, “खरवडला.”

मंग माझ्यावर वाकली. “बेटा, तुला काय न्हाई झालं. ह्याला झालं. तुझं हाड लई टणक, अन् मी भोक तंग पाडलं. तंग भोकात जोर लावला की ह्याचं खरबरीत अंग घासून जातं. अन् हाड धरतं ते त्या खरबरीतलाच.”

अशी होती बाई. तुम्ही पाह्यलं असतं तर डॉक्टर म्हणलंच नसतं. जालन्यातल्या जुन्या मारवाडी घरातली, साडीवर पांढरा कोट, पायात कापडी बूट. जरा भोक पाडायची, थांबायची, पाणी सोडायची, परत जरा. “सबूर. हाडाला जोर चालत न्हाई.” ज्याला त्याला हेच. एमआयडीसीतला एक गडी कावला एकदा, “मॅडम, आमच्या सळयांच्या मिलमधी लोखंड याच्यापेक्षा जल्दी लाटतेत.”

बाई म्हणली, “मंग दात बी तिथंच लाटून घ्या.”

मी बियाण्याच्या कंपनीत बी निवडायला जाते. कंपनीच्या टेम्पोनं ब्रेक मारला, माझं तोंड गजावर आदळलं, खालचा पुढचा दात गेला. खर्चा कंपनीचा सेठ करतो म्हणला, म्हणून त्या दवाखान्यात गेल्ते. पहिल्याच दिवशी परी बाईच्या बोटाला कडकडून चावली. मी तिला मागं ओढलं. बाईनं बोट झटकलं, परीचा जबडा निरखला. “बिलकुल बराबर चावली. दात बढिया हायेत हिचे.” अन् हातमोजा फुगवून त्याचा कोंबडा करून दिला तिला.

तर स्क्रू खरवडला त्या दिवशी दवाखान्याचा मालक आत आला. म्हणला, “मॅडम, तोच घाला ना. आतमधी कुणाला दिसणार हाय?”

“हाडाला दिसणार हाय.”

“दुसरा भेटणार न्हाई आज. बाहेर लोकं बसलेत.”

“बसू द्या.”

बाईनं तो स्क्रू कचऱ्याच्या डब्यात टाकला. टण्ण वाजला. मालकाचं तोंड लालबुंद. बाईनं माझी हिरडी रिकामीच शिवली. हात जरा बी हलला न्हाई तिचा. म्हणली, “हाड भरून येऊ दे. मंग नवा बसवू.”

हाड भरलं. मी गेले तर बाई न्हाई. काउंटरवरची पोरगी हळूच म्हणली, “ताई, त्यांना काढलं.” कुठं गेली, कुणी सांगंना. तिच्या खुर्चीपाशी एक नवीन डॉक्टर उभा, कानाला फोन.

मी बसले. तोंड उघडायच्या आधी इचारलं, “सर, स्क्रू तंग गेला तर परत बाहेर काढसान का?”

तो हसला. “ताई, तू शिकवणार का मला? काय न्हाई होत. दोन मिनिटाचं काम हाय.”

मालक दारात. नवरा बाजूला, दातओठ खाऊन राह्यला. “अगं, उघड ना तोंड! सेठ काय रोज रोज देणार हाय का?”

मला भ्या वाटत न्हाई असं समजू नका. डॉक्टरचं वाटतं, नवऱ्याचं वाटतं, सेठनं कामावरून काढलं तर, त्याचं बी वाटतं. हाडातलं मला काय कळतं, सातवीत शाळा सुटलेली मी. पण दोन मिनिटात करतो म्हणणाऱ्याच्या हातात माझा जबडा? मी तोंड गच्च मिटलं अन् खुर्चीतून उतरले. परीला काखेत घेतलं अन् सगळ्यांच्या समोरून बाहेर आले.

घरात अजून कुणी धड बोलत न्हाई माझ्याशी. ती बाई कुठं बसते, ते मी इचारून राह्यले, जो भेटंल त्याला. तुम्हीच सांगा, त्या खुर्चीत तुम्ही असता, तर उघडलं असतं का तोंड?