कुईकुई करणाऱ्या वस्तू

किस्से जुन्या चार्जरसारखे साठतात. कुठला कधी आला ते आठवत नाही, आणि टाकवत तर एकही नाही. वारज्यात आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये दर रविवारी गद्रे आणि नाईक हे दोन निवृत्त इंजिनिअर टेबल मांडून शेजाऱ्यांच्या वस्तू दुरुस्त करतात. बायको, सुनंदा, गेल्यापासून मीही तिथे बसतो. तिचं कानाचं मशीन शिट्टी मारतं. ते विश्रांतवाडीच्या तिच्या मावशींना द्यायचं मी कबूल केलंय. पण कित्येक रविवार ते खिशातून बाहेर निघालंच नाही.

*

तिसऱ्या मजल्यावरची सून चार्जर घेऊन आली. "काका, हा कुईकुई करतो."

वस्तू आधी सगळ्यांनी कानाला लावायची, हा आमचा नियम. तिघांनीही लावली. शांत!

"चार्जर ठणठणीत आहे," गद्रे म्हणाले.

"चार्जर ठणठणीतच आहे हो. तुमचे कान गेलेत!"

फार बारीक आवाज वयानुसार ऐकू येईनासा होतो. तेव्हापासून शेवटची तपासणी तीच करते.

*

कुईकुईचं कारण बहुतेकदा साधं असतं. आतलं तारेचं वेटोळं सैल होतं आणि वीज आली की थरथरतं. त्यावर गोंदाचा थेंब सोडला की गप्प. नाईकांनी एका टेबललॅम्पमध्ये इतका गोंद ओतला की बटणही चिकटलं.

"आता जन्मात वाजणार नाही!" नाईक.

"लागणारही नाही," गद्रे.

*

वरच्या काकूंचा बल्ब मंद केला की गुणगुणायचा.

"पूर्ण उजेडावर ठेवा," नाईक म्हणाले.

"डोळ्यांना लागतो हो."

"मग गाणं समजून ऐका!"

काकू बल्ब तिथेच टाकून गेल्या. सुनंदा होती तेव्हा कुठेही असलं काही झालं की मी घरी जाऊन तिला ओरडून सांगायचो. ती चढ्या आवाजाची सवय अजून सुटलेली नाही.

*

परवा मशीन टेबलावर ठेवलं. शिट्टी सुरू झाली. ही मात्र आम्हा तिघांनाही ऐकू आली.

"कानात घाला," गद्रे म्हणाले.

घातलं. शिट्टी थांबेना. गद्र्यांनी मशीन काढून घेतलं, कानात बसणारा साचा उलटसुलट करून पाहिला.

"बिघाड नाही. साचा घट्ट बसला नाही की आवाज बाहेर येतो आणि पुन्हा आत शिरतो. मावशींच्या कानाचा नवा साचा करून घ्या, थांबेल."

"आणि हा?"

त्यांनी साचा अलगद सोडवून माझ्या हातावर ठेवला.

"हा दुसऱ्या कुणाला बसायचा नाही."