फॉर्मवर माझं नाव नव्हतं

शीला, मालती, आठवतंय? हर्नडनच्या आपल्या अपार्टमेंटची लॉन्ड्री रूम… ड्रायर थांबेपर्यंत तुम्ही प्रश्न विचारायचात आणि मी इन्शुरन्स लायसन्सची उत्तरं पाठ म्हणायचे. ऐंशीच्या दशकातली गोष्ट.

व्हर्जिनियात पॉलिसी विकायची तर राज्याची परीक्षा द्यावी लागे. त्यात एक प्रश्न आला… लग्नाआधी दिलेलं वारसाचं नाव माणसाने बदललंच नाही, तर पैसे कोणाला? मी झटकन खूण केली… ज्याचं नाव आहे त्याला. सोपा वाटला होता.

पास झाल्याचं पत्र आलं त्या दिवशी हौसेने यांच्या ऑफिसच्या लाइफ इन्शुरन्सची फाइल काढली. म्हटलं, लोकांचे कागद वाचण्याआधी घरचे वाचू.

त्यातल्या फॉर्मवर वारस म्हणून नाव होतं माझ्या मोठ्या दिरांचं, अण्णांचं. नातं… भाऊ. माझं नाव नाही, तीन वर्षांच्या नीलचं नाही. मी फाइल हातात घेऊन स्वयंपाकघरात जमिनीवरच बसले.

हे घरी आल्यावर हसले. "अगं, अमेरिकेत आलो तेव्हा कोण होतं मला? तिकीटसुद्धा अण्णांनी काढून दिलं. ते काय तुला वाऱ्यावर सोडतील?"

"नाही सोडणार. पण नीलच्या दुधासाठी मी सांगलीला अण्णांना पत्र लिहून मागायचं?"

मग हे म्हणाले, "म्हणजे तुझा पहिला क्लायंट मीच!" आणि पेन उघडलं… दुसऱ्या दिवशी नवा फॉर्म ऑफिसात गेला.

शीला, तुला फोन केला तेव्हा तुमच्या फॉर्मवर सासऱ्यांचं नाव निघालं. त्यांना जाऊन पाच वर्षं झाली होती.

वाईट कोणीच नव्हतं गं. एकटी आलेली मुलं, जीव मागे ठेवून आलेली. विसरली, इतकंच. पण मला अजून धडकी भरते.

म्हणून परवा माझं मृत्युपत्रही लिहून टाकलं. पाटल्या सूनबाईला, मेलिसाला. तिला मोठ्या होतील, लहान करून घ्याव्यात. शिलाईचं मशीन नीलला, घरात तोच शिवतो. जांभळी पैठणी शीला, तुला, इतकी वर्षं डोळा ठेवून आहेस. बाकी सगळं यांना… पूर्ण नाव, आडनावासकट.